चौथं पान

"मॅडम, माझी ठेव मोडून द्या."

मी मान वर केली. काउंटरपलीकडे खाडेमामा उभे. हुक्केरीकर फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरलेला माणूस. मुलीच्या लग्नासाठी आमच्याकडे सव्वादोन लाख ठेवलेले, आणि ते ठेवताना मलाच दम दिलेला, "मी कितीबी रडत आलो तरी द्यायचं न्हाई बघा मॅडम."

"लग्न ठरलं काय मामा?"

"न्हाई. तेवढी मोडून द्या."

"अहो, सात महिने राहिलेत. व्याज बुडेल."

"बुडू दे."

माझ्याकडे न बघता बोलत होते. मी त्यांच्या मागे पाहिलं, तर आणखी दहा-अकरा जण, सगळ्यांच्या हातात आमच्या ठेवीच्या पावत्या. सगळे फाउंड्रीतले. पहिल्या पाळीची माणसं, सकाळी सव्वादहाला भट्टीपाशी असायला हवीत ती राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत आमच्या ऑफिसात. 

आमची घरकर्ज देणारी कंपनी. नाव सांगत नाही, अजून चालू आहे. लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि लोकांनाच घरासाठी कर्ज द्यायचं, एवढा सरळ धंदा. मी तिथं कर्जविभागाची प्रमुख होते. पद्मजा मगदूम, वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, तोंड फटकळ. लोक मला घाबरायचे आणि तरी माझ्याकडेच यायचे, कारण मी गोड बोलून फसवत नाही असा माझा लौकिक होता. तेरा वर्षं झाली त्या एप्रिलला. लौकिक अजून आहे. म्हणूनच हे सांगायला बसलेय.

"शकील, यांना फॉर्म दे," मी म्हटलं. शकील मुजावर आमचा काउंटरवरचा क्लार्क, एरवी सारखा हसतमुख. तो फॉर्म घेऊन आला, पण वाटायच्या आधी माझ्या कानाशी वाकला.

"मॅडम, हे बघितलं काय? खालच्या झेरॉक्सवाल्याकडं रुपयाला एक विकाय लागलाय."

त्यानं एक कागद माझ्या हातात दिला. मी वाचायला घेतलं.

"ऑक्टोबरमध्ये हुक्केरीकर फाउंड्री बंद पडते. अठराशे साठ कामगार बेकार होतात. त्यांच्यापैकी निम्म्यांचे हप्ते तिसऱ्या महिन्यापासून थकतात. अनेक घरे एकदम विक्रीला आल्याने किमती तीस टक्क्यांनी उतरतात. नवव्या महिन्यात कंपनीचे भांडवल संपते. त्यानंतर ठेवी परत करणे शक्य होणार नाही."

वर आमच्या कंपनीचं नाव. खाली पान क्रमांक चार. आणि प्रत्येक शब्द माझा.

त्या वर्षी सरकारी नियामकाकडून आमच्यासारख्यांना नवं फर्मान आलं होतं. ताण-चाचणी करा. म्हणजे काय, तर नव्या स्लॅबवर वाळूची पोती रचून बघतात ना, तसं. वाईटात वाईट काय होऊ शकतं ते कागदावर मांडायचं आणि त्याखाली आपली कंपनी तगते की मोडते ते आकड्यांनी दाखवायचं. मोडत असेल तर भांडवल वाढवायचं. इंग्रजी अहवाल मुंबईला गेला. पण आमच्या संचालकांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी मराठीतही लिहून काढला. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होतं, "पुढे वर्णन केलेली परिस्थिती पूर्णपणे काल्पनिक आहे." चौथ्या पानावर ते नव्हतं. चौथ्यावर फक्त फाउंड्री बंद पडत होती.

आमचे व्यवस्थापकीय संचालक घाटगे साहेब तेव्हा म्हणालेही होते, "मगदूम, नाव कशाला? 'एक मोठा कारखाना' असं लिहा की."

"साहेब, आपली निम्मी कर्जं त्या एका कारखान्यातल्या पगारावर उभी आहेत," मी ऐकवलं होतं. "नाव लिहिलं तरच संचालकांची झोप उडेल. एरवी चहा पिऊन सही करतील."

आता कुणाकुणाची झोप उडाली होती ते माझ्यासमोरच उभं होतं.

अकरा वाजता घाटगे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रांग तोवर जिना उतरून रस्त्यावर गेली होती. साहेब कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले.

"कोण फितूर झालंय शोधा! संध्याकाळच्या आत मला नाव पाहिजे!"

मी तो कागद टेबलावर ठेवला. शकीलनं आणलेली प्रत झेरॉक्सची होती, पण दुसऱ्या एका माणसाच्या हातात मूळ कागद होता. तो मी जवळजवळ हिसकावूनच घेतला होता. मी तो उलटा केला. मागच्या बाजूला एका कर्जदाराचा व्याजाचा दाखला होता, इन्कम टॅक्ससाठी लागतो तो. खाली सही माझी.

साहेबांना क्षणभर उमगेना.

"फितूर मीच साहेब," मी म्हटलं. "खराब झालेले प्रिंट टाकायचे नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूवर दाखले काढायचे, हा नियम माझा. गेल्या वर्षी कागदाचे अकरा हजार वाचवले म्हणून तुम्हीच शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला होता. परवा दाखल्यांची गर्दी होती. अहवालाचा कच्चा प्रिंट त्या गठ्ठ्यात गेला असणार."

साहेब मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. खायची तयारीही होती. पण ते एवढंच म्हणाले, "खात्यात किती आहेत?"

"सकाळी एक कोटी पंच्याऐंशी होते. आतापर्यंत बेचाळीस लाखांचे चेक गेले."

"बाहेर किती जण असतील?"

"दोनशेच्या पुढं. ज्यांना अजून कळलं नाही ते वेगळे."

नियमानं आम्ही आठ दिवसांची मुदत मागू शकत होतो. मागितली असती तर काचा फुटल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं कोल्हापूर दारात आलं असतं. चेक देत राहिलो तर चार वाजता खातं रिकामं. पहिल्या दोनशे जणांचे पैसे वाचणार आणि मागच्या तीन हजारांचे अडकणार. कर्ज दिलेले पैसे लोकांच्या भिंतींत आणि फरशांत जाऊन बसलेले, ते काही दुपारपर्यंत परत येत नाहीत.

"हुक्केरीकरांना बोलवा," मी म्हटलं. "मालकानं पायरीवर उभं राहून सांगितलं की फाउंड्री चालू राहणार, तर पाच मिनिटांत रांग मोडेल."

साहेबांनी फोन लावला. मालक निघालेच होते म्हणाले.

मी बाहेर आले तर दाराशी भरतेश. माझा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून माझं माणूस म्हणजे तो, त्याची बायको त्रिशला आणि त्यांची दोन पोरं, बस्स. तोही हुक्केरीकरांकडेच, भट्टीवर. हातात प्लॅस्टिकची फाइल, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी तीन वाजता त्याच्या कर्जाच्या करारावर सही व्हायची होती. कळंब्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, चौदा लाखांचं कर्ज, वीस वर्षं. नियमाप्रमाणे त्याच्या फाइलला मी हात लावला नव्हता, दुसऱ्या अधिकाऱ्यानं मंजूर केलेली. त्रिशलानं पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं.

"अक्का, हे काय चाललंय? भट्टीवरची पोरं म्हणालीत फाउंड्री बंद पडालीय म्हणं."

"अरे, चाचणीचा कागद आहे तो. खोटं खोटं धरून चालायचं असतं. तू आत बस जा."

"मग मी करू नव्हं सही?"

"तीनला ये म्हटलंय ना तुला? बस जा!"

तेव्हा मी जे बोलले ते खरं होतं. तोवर मला तेवढंच ठाऊक होतं.

पावणेबाराला हुक्केरीकर मालक मागच्या जिन्यानं आले. पांढरा सफारी, कपाळाला विभूती, रागानं लाल झालेले. केबिनचं दार लावायच्या आधीच सुरू झाले.

"घाटगे, माझ्या कारखान्याची बदनामी करता व्हय? कोर्टात खेचीन एकेकाला! आज माझ्या तीन भट्ट्या थंड आहेत. कुणी लिहिलंय हे?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही? मगदूमबाई, तुम्हाला शहाण्या समजत होतो मी."

"चूक झाली. पाया पडते हवं तर. पण आधी बाहेर चला आणि माणसांना सांगा की हे खोटं आहे."

"द्या तो कागद इकडं. नुसतं ऐकलंय, वाचलेला न्हाई."

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. मी वाट बघत होते की आता कागद भिरकावतील. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"ऑक्टोबर तुम्हाला कुणी सांगितलं?"

 ऑक्टोबर मी असाच घेतला होता. सहामाही सप्टेंबरला संपते, पुढचा महिना ऑक्टोबर, आकडेमोडीला सोपा. त्यापलीकडे काही नव्हतं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलू नका. माझ्या घरात मी आणि माझा थोरला मुलगा, दोघांशिवाय कुणाला म्हाईत न्हाई."

घाटगे साहेब उठून उभे राहिले. पंखा फिरत होता आणि खाली रस्त्यावर माणसांचा कलकलाट चालला होता.  काय बोलून बसलो ते मालकांच्याही लक्षात आलं. ते खुर्चीवर बसले.

"ट्रॅक्टरवाल्यांनी ऑर्डर काढून घेतलीय," ते म्हणाले. "सीमेपलीकडं वीज स्वस्त, जमीन देताहेत. दसऱ्याला तिकडं पहिलं ओतकाम करणार. इथं कुलूप. माणसांचे पैसे मी सगळे देणार, एक पै ठेवणार न्हाई. खरं, आज सांगितलं तर ऑक्टोबरपर्यंत सुद्धा चालत न्हाई. उद्याच संप आणि परवा मोडतोड."

"मग बाहेर येऊन काय सांगणार?" साहेबांनी विचारलं.

"मी बाहेर येत न्हाई."

"मालक!"

"खोटं बोलून शपथ वाहू काय त्यांच्यासमोर? तीस-तीस वर्षं काम केलेली माणसं हायत ती!" असं म्हणून ते उठले आणि आले तसे मागच्या जिन्यानं निघून गेले. काय म्हणावं या माणसाला! खोटं बोलायचं नाही, खरंही बोलायचं नाही, आणि दोन्हींचं ओझं आमच्या डोक्यावर टाकून जायचं.

दार लागल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही जा पायरीवर."

"मी काय सांगू?"

"तुमचं तिसरं पान वाचून दाखवा. त्यात काय खोटं आहे? लिहिलंत तेव्हा काल्पनिकच होतं."

"आता नाही साहेब."

"मगदूम, आज ही कंपनी बुडाली तर फाउंड्री चालू असताना बुडेल. ऑक्टोबरची वाट बघायला कोण उरणार आहे? तुम्हीच लिहिलंय, भांडवल वाढवलं तर तगते. किती वेळ पाहिजे?"

"सहा महिने."

"मग सहा महिने मिळवून आणा."

त्यांचं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. आकडे माझेच होते आणि मला तोंडपाठ होते. रांग थांबली तर तीन हजार ठेवी वाचू शकत होत्या. रांग थांबवायची तर तोंड बंद ठेवायला हवं होतं. आणि आत, माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर, माझा भाऊ वीस वर्षांच्या कर्जावर सही करायला बसला होता, ज्याची नोकरी सहा महिन्यांत जाणार हे मला आता ठाऊक होतं.

मी पायरीवर आले. ऊन डोक्यावर. जवळपास तीनशे माणसं. मी तिसरं आणि चौथं अशी दोन्ही पानं हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली. शाळेत वाचतात तशी. मग सांगितलं, "हा कागद खराब प्रिंटच्या गठ्ठ्यातून बाहेर गेला. चूक माझी. शिव्या घालायच्या तर मला घाला. पण हे भाकीत नाही. घर बांधताना भूकंप धरून लोखंड घालतो, म्हणून भूकंप येणार असं कुणी म्हणतं काय?"

दोघं-तिघं हसले. माझा लौकिक कामाला लागलेला मला दिसत होता आणि मला माझीच किळस येत होती.

खाडेमामा मात्र हसले नाहीत. सकाळी सगळ्यांच्या पुढे असूनही त्यांचं मन धजलं नव्हतं; चेक लिहून घेतलेला नव्हता, पावती अजून हातातच होती. ते एक पायरी वर आले.

"मॅडम, ते समदं बराबर. खरं, फाउंड्री बंद व्हणार न्हाई असं तुमी म्हणा. एवढंच म्हणा. मी जातो घरला."



"मामा, फाउंड्रीच्या आतलं मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी कर्ज देणारी बाई."

हे मात्र सरळसरळ खोटं होतं. तोंडातून निघून गेलं. मामांना ते पुरलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. भरतेश केव्हाचा उठून दारात आला होता.

"भरत्या," मामा म्हणाले, "तू आज कर्ज उचलणार हुतास नव्हं?"

"व्हय मामा."

"मग? उचलणार काय?"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मगदूम मॅडमचा भाऊ. त्याच्या घरचं माणूस आतलं सगळं जाणतं. भरतेशनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणिताचं उत्तर विचारताना बघायचा तसा, अगदी विश्वासानं.

"अक्का, करू सही?"

नाही म्हटलं असतं तर माझा भाऊ सुटला असता. एक मान हलवायची होती. मी काय काय विचार केला ते आता सांगता येत नाही, आणि काही विचार केला होता असं म्हणणं ही सुद्धा लबाडीच होईल.

"कर," मी म्हटलं.

शकीलनं एक टेबल आणि कराराची पानं पायरीवर आणली आणि भरतेशनं तिथंच, शकीलच्या पेननं सही केली. प्रत्येक पानावर, बावीस सह्या. लोक बघत राहिले. सातव्या-आठव्या सहीपर्यंत मागची माणसं पांगायला लागली. कुणीतरी म्हणालं, "चला रं, अर्धी पाळी तरी भरू." खाडेमामांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि मला हात जोडले. साडेबारा वाजता आठव्या गल्लीत नेहमीची रहदारी होती.

घाटगे साहेबांनी चहा मागवला. मी कप बाजूला सारला.

संध्याकाळी सात वाजता मी भरतेशच्या भाड्याच्या खोलीवर गेले. त्रिशला भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं कौतुकानं पडद्याच्या कापडाचा तुकडा पुढे केला. पोरांना बाहेर पाठवा, मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. मालक, ऑक्टोबर, सीमेपलीकडचं ओतकाम, सगळं.

 भरतेश एकदम उसळला.

"तुला ठाऊक हुतं? मी विचारलं तेव्हा ठाऊक हुतं?"

"हो."

"आणि तू 'कर' म्हणालीस? सख्खी बहीण हाईस काय कोण हाईस तू माझी?"

मला रडू फुटलं. मी रडणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी पोरांसारखी हमसून हमसून रडले. पर्स उघडली आणि बिल्डरच्या नावाचा चेक काढून भाकरीच्या परातीशेजारी ठेवला.

"उद्या जायचा आहे हा. अजून गेला नाही. मी फाडते, करार रद्द करते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"फाडा," त्रिशला ताबडतोब म्हणाली. "अक्का, आत्ताच्या आत्ता फाडा."

मी चेक उचलला. भरतेशनं माझं मनगट धरलं.

"थांब. उद्या भट्टीवरची पोरं विचारतील, भरत्याचा चेक का थांबला?"

"काहीतरी सांग. कागद अपुरे होते म्हण."

"आज समद्यांसमोर बावीस सह्या केल्यात मी. कागद अपुरे म्हणून कोण ऐकंल? सकाळी सातला पाळी सुटायच्या आत तुझ्या दारात पाचशे माणूस आसंल. आणि तेव्हा तू पायरीवर नाचलीस तरी थांबणार न्हाई."

खरं होतं. मी दिवसभर कंपनीचा ताण मोजला होता, हा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता.

"बुडू दे की कंपनी!" त्रिशला ओरडली. "आपल्याला काय त्याचं? तुमच्या पोरांचा विचार करा जरा!"

"खाडेमामाची पोरगी आपल्या सोनीएवढी हुती तवापासनं ते पैसं साठवतोय," भरतेश म्हणाला. "माझ्याकडं बघून माघारी गेला तो, अक्काकडं बघून न्हाई." मग माझ्याकडे वळला. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "तुला सहा महिने पाहिजेत नव्हं? घे. चेक बिल्डरला दे. आणि आता जा अक्का. आज जेवाय थांबू नकोस."

मी जिना उतरत होते तेव्हा वर त्रिशलाचा रडण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी चेक बिल्डरच्या माणसाकडे दिला.

सहा महिने मी कुत्र्यासारखी राबले. पुण्याच्या एका मोठ्या वित्तसंस्थेकडे तेच चौथं पान घेऊन बारा खेपा घातल्या. बाराव्या खेपेला त्यांनी आमच्या भागभांडवलात पैसे घातले. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला हुक्केरीकर फाउंड्रीला कुलूप लागलं. रांग लागली, पण या वेळी प्रत्येकाला त्याच दिवशी चेक मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी रांग आपोआप आटली. घरांच्या किमती मी लिहिलेल्या तीस नव्हे, पस्तीस टक्क्यांनी उतरल्या. तरी एकाही ठेवीदाराचा रुपया बुडाला नाही. नियामकाकडून आलेल्या पत्रात आमच्या चाचणीचा उल्लेख "अनुकरणीय" असा होता. घाटगे साहेबांनी ते पत्र फ्रेम करून लावलं.

भरतेशला एका वर्कशॉपमध्ये निम्म्या पगाराची नोकरी मिळाली. सहा हप्ते मी माझ्या पगारातून गुपचूप भरले. सातव्या वेळी त्याला कळलं. तो ऑफिसात आला नाही, फोनही केला नाही, फक्त मी भरलेले सगळे पैसे चार वेळांत माझ्या खात्यात परत पाठवले. कुठून आणले कोण जाणे. त्रिशलाच्या गळ्यात नंतर मंगळसूत्र दिसायचं ते काळ्या मण्यांचं, सोन्याचं नव्हे. फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक कर्जाच्या निम्म्यातही मिळेना. पुढच्या वर्षी ताबा घ्यायची नोटीस निघाली. ती काढणारी अधिकारी मीच होते. दुसऱ्या कुणाला सही करायला लावता आली असती. साहेब म्हणालेही. मी म्हटलं, नको. ती तरी मीच करीन.

किल्ली द्यायला तो मंगळवारी आला. माझ्या टेबलापाशी थेट येता आलं असतं, पण त्यानं शकीलकडून नंबर घेतला आणि काउंटरच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे खाडेमामा होते. वाढवलेली मुदत संपून त्यांची ठेव त्याच दिवशी हातात आली होती आणि लग्नही ठरलं होतं, म्हणून पेढे घेऊन आले होते. मागे वळले तर भरतेश.

"आरं भरत्या! त्या दिवशी तू सही करताना दिसलास म्हणून मी थांबलो बघ," मामा म्हणाले. "न्हाईतर पैसं उचलून कुठंतरी घालवून बसलो असतो. घे, पेढा घे. आणि लग्नाला ये समद्यांस्नी घेऊन."

"येतो की मामा," भरतेश म्हणाला आणि पेढा खाल्ला.

मग तो माझ्यासमोर आला. रुमालानं बोटं पुसली, फाइलीतून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. दीड वर्षानं मी त्याला इतक्या जवळून बघत होते. भट्टीपाशी भाजलेले हात होते त्याचे, आता ते नितळ झाले होते.

"भरतेश," मी म्हटलं. 

"पोच द्या मॅडम," तो म्हणाला.

मी कोरा कागद घेतला आणि किल्ल्या मिळाल्याची पोच लिहिली. त्यानं ती दोनदा वाचली, तारीख तपासली आणि निघून गेला.